वेक्नाचं डोकं!

‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनमधला वेक्ना आठवतोय? हे नाव मूळचं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातलं. १९७६च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ पुस्तिकेत त्याचा जादुई हात आणि डोळा आले. वापरायचे तर आधी आपल्या पात्राचा हात तोडायचा किंवा डोळा काढायचा, मग हे तिथे बसवायचे.

यावरूनच खेळाडूंचा एक गाजलेला किस्सा घडला. एका टोळीने प्रतिस्पर्ध्यांना गंडवायला ‘वेक्नाचं डोकं’ सापडल्याची अफवा सोडली. समोरचे इतके हपापले की, आधी मुंडकं कुणाचं उडवायचं यावरून भांडले! दोन पात्रांची मुंडकी उडाली, जादू शून्य. मला तर यापुढे बाकीचे विनोद फिके वाटतात.

टेबलावर कुणी ‘हेड ऑफ वेक्ना’ म्हणालं की ओळखा, सापळा आहे!