घर घेण्याआधी घर तपासा: इसार देण्यापूर्वी काय बघायचं

आजचा विषय आहे घर विकत घेण्यापूर्वीची तपासणी. गोंदिया जिल्ह्यात घर घेताना आपण काय काय बघतो, ते आधी आठवून पाहू. प्लॉट रस्त्याला लागून आहे का, दार कुठल्या दिशेला आहे, स्टेशन आणि शाळा किती लांब आहेत, आणि कागद. कागदांच्या बाबतीत आपण आता बरेच सावध झालो आहोत. सातबारा, फेरफार, अकृषिक परवानगी, कराची पावती, वकिलाचा शोध अहवाल हे सगळं आपण मागतो, आणि मागायलाच हवं. पण ज्या भिंती आणि स्लॅबसाठी पैसे मोजायचे, त्या बघायला किती वेळ देतो? चहा येईपर्यंत खोल्यांतून एक चक्कर, झालं.

आता हिशेब बघा. २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो आणि एकूण फेड ४१ लाखांच्या वर जाते. अशात दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला, तर दुरुस्तीचा खर्च हप्ता भरता भरताच करावा लागतो. तो मग मुलांच्या शिक्षणाच्या पैशातून निघतो, नाहीतर दागिने गहाण पडतात.

कायदा काय म्हणतो?

बऱ्याच जणांना वाटतं की दोष लपवून घर विकलं तर विकणाऱ्याला कोर्टात खेचता येईल. हे अर्धंच खरं आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्यावर दोष सांगण्याची जबाबदारी टाकली आहे. पण कोणता दोष? जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याने सामान्य काळजी घेऊनही त्याच्या लक्षात आला नसता असा. म्हणजे भिंतीला उघडी भेग होती आणि आपण ती बघितलीच नाही, तर नंतर तक्रार टिकणं अवघड.

नव्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर थोडा आधार आहे. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांच्या आत बिनखर्चात दुरुस्त करून द्यायचा असतो. पण एखाद्या कुटुंबाने बांधून दहा-पंधरा वर्षं वापरलेलं घर आपण त्यांच्याकडून घेतो, तेव्हा हा आधार मिळत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात असे व्यवहार भरपूर होतात. तिथे आपली तपासणी हाच आपला विमा.

तपासायचं कोणी?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत घराची तपासणी करणारे परवानाधारक निरीक्षक असतात. आपल्याकडे तसा वेगळा परवाना नाही. हे काम सिव्हिल इंजिनिअरकडून करून घ्यायचं. इमारत दोन-तीन मजली असेल किंवा मोठ्या भेगा दिसत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा. तो आपण निवडलेला आणि आपण पैसे दिलेला असावा. विकणाऱ्याचा ठेकेदार किंवा दलालाच्या ओळखीचा माणूस नको. आणि बँकेचा माणूस मूल्यांकन करून गेला म्हणजे घर तपासलं गेलं, असं समजू नका. घर विकून कर्ज वसूल होईल का, एवढं तो बँकेसाठी बघतो. न्हाणीघराची भिंत ओली आहे का, हे त्याचं काम नाही.

आधी जमीन

गोंदिया, आमगाव, तिरोडा या शहरांच्या कडेला अनेक नव्या वस्त्या धानाच्या बांध्यांवर उभ्या राहिल्या आहेत. बांधी म्हणजे पाणी धरून ठेवायला बनवलेलं शेत. तिथली माती चिकण असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की घरही तिच्याबरोबर हलतं. त्यावर मुरमाचा भराव टाकून लगेच बांधकाम केलं असेल, तर भराव पुढची काही वर्षं दबत राहतो. हा तलावांचा जिल्हा आहे. कुठे जुनी बोडी बुजवलेली असते, कुठे नाला वळवलेला असतो. गट नकाशा बघा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, “इथे आधी काय होतं? पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?” नदीकाठी घर घेत असाल तर २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे नक्की विचारा.

मग घर

भेगा सगळ्या सारख्या नसतात. प्लास्टरवर केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर बहुतेक वेळा त्या प्लास्टर सुकताना पडलेल्या असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी आणि एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र पाया एका बाजूला बसत असल्याची खूण असू शकते. फरशीवर एक गोटी ठेवून बघा. ती प्रत्येक खोलीत एकाच कोपऱ्याकडे पळत असेल तर इंजिनिअरला तिथेच थांबवा.

स्लॅब खालून बघा. तांबूस डाग आणि सळईच्या रेषेत गेलेली भेग दिसली, म्हणजे आतलं लोखंड गंजतंय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि पोपडे पडतात. वरून प्लास्टर करून हे थांबत नाही. दुसरा मजला नंतर चढवला असेल तर मंजूर नकाशा मागा. पाया एका मजल्यासाठी घातलेला असू शकतो.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा खार फुटला असेल, तर जमिनीतली ओल वर चढते आहे. इथे काळजी घ्यावी लागते ती नव्या रंगाची. दिवाळीच्या तोंडावर सगळीच घरं रंगतात, त्यात कोणाचा वाईट हेतू असेलच असं नाही. पण फक्त एकाच भिंतीला नवा रंग दिला असेल तर कारण विचारा. घर बघायला पावसाळा संपतानाचे दिवस सगळ्यात चांगले. उन्हाळ्यात बघत असाल तर भिंतीतल्या कपाटांच्या आत, जिन्याखाली आणि न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर टॉर्च मारा. मालकाच्या परवानगीने गच्चीवर पाणी अडवून २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालून छत बघा.

जुनं कवेलूचं घर असेल तर मयाल आणि फाटे ठोकून बघा. पोकळ आवाज किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या की वाळवी आहे. दारांच्या चौकटींनाही हेच करा. मग विजेचं बघा: अर्थिंग आहे का, वायर किती जुनी आहे, गळती झाली की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली आहे का. विहीर किंवा बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. नुसतं गोड लागतं म्हणून ते पिण्याजोगं ठरत नाही.

अहवालाचं काय करायचं?

इंजिनिअरकडून तोंडी मत घेऊ नका. फोटोंसह लेखी अहवाल घ्या आणि दोषांचे तीन भाग करायला सांगा. किरकोळ दुरुस्ती आपण स्वतः करून घेऊ. खर्चिक दुरुस्तीचा अंदाज काढून तेवढा भाव कमी करायला सांगायचा. पाया, कॉलम, बीम यांतला दोष असेल तर घर सोडून द्यायची तयारी ठेवायची.

या सगळ्याला अर्थ आहे तो इसार देण्याआधी. मालक म्हणाला, “आज टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे,” तर रक्कम लहान ठेवा आणि सौदाचिठ्ठीत एक वाक्य लिहून घ्या: तपासणीत बांधकामाचा मोठा दोष निघाल्यास इसार पूर्ण परत. किती दिवसांत तपासणी होईल आणि किती दिवसांत पैसे परत मिळतील, तेही लिहा. वकिलाला हे नवं वाटणार नाही. ज्याचं घर चांगलं आहे, त्यालाही सहसा यात अडचण वाटत नाही.

घरातली थोरली माणसं म्हणतील, “इतकं काय बघायचं, माणसं ओळखीची आहेत.” माणसं चांगली असतीलही. पण भिंतीच्या आत काय आहे ते त्यांनाही माहीत नसतं. म्हणून अहवाल आला की त्याची एक प्रत त्यांनाही द्या, आणि मग दोघांनी मिळून भाव ठरवा.