युद्धकाळींचीं सहाध्यायांचीं पत्रें : वाचन व जतन

मालेगांव म्हटलें म्हणजे इतिहासप्रेमी वाचकांच्या डोळ्यांपुढें मोसमकांठचा नारो शंकर राजेबहादुरांचा किल्ला व १८१८ च्या मे-जून महिन्यांतील वेढा उभा राहतो. त्या वेढ्यासंबंधीं एखादें मोडी चिटोरें अमुक घरीं आहे असें कळलें, तर आमच्यापैकीं कितीएक भर उन्हांत तिकडे धांव घेतील. परंतु त्याच गांवांत, फडताळांत व माळ्यांवर, १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांतील खासगी पत्रें पडलेलीं आहेत व तीं रद्दीच्या भावानें जात आहेत, याची खंत कोणास नाहीं. ‘हीं काय, कालचीं पत्रें’ असें म्हणून संग्राहकच तीं परत करतात. त्या ‘काल’ला आतां ऐशीं वर्षें होऊन गेलीं.

असें एक लहानसें बाड अलीकडे आमच्या पाहण्यांत आलें. नाशिक येथें १९२४ सालीं हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज निघाल्यापासून या बाजूच्या मुलांस पदवीच्या अभ्यासासाठीं पुण्यास जाण्याची गरज उरली नव्हती. तेथें एका वर्गांत बसलेल्या तिघांचा हा व्यवहार आहे. एक घरीं मालेगांवीं राहिला, दुसरा सैन्यांत गेला, तिसरा १९४२ च्या चळवळींत तुरुंगांत गेला. बाड पहिल्याच्या घरचें असल्यामुळें त्यास आलेलीं पत्रेंच तेवढीं त्यांत आहेत. त्यानें लिहिलेलीं नाहींत. घरच्या मंडळींच्या इच्छेस मान देऊन आम्ही नांवें देत नाहीं, व मजकूरहि उतरून देत नाहीं. अशा पत्रांचें वाचन कसें करावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

सहाध्यायांच्या पत्रांस इतर पत्रांहून अधिक मोल कां द्यावें, तें आधीं सांगितलें पाहिजे. सैन्यांतील मुलगा वडिलांस लिहितो तें ठराविक असतें : प्रकृति उत्तम, काळजी नसावी, पैसे पाठविले आहेत. बायकोस लिहिलेलें पत्र घरांतील चार माणसें वाचणार, हें त्यास ठाऊक असतें. मित्रापाशीं मात्र तो हिंवतापाचें, अन्नाच्या कंटाळ्याचें, वरिष्ठांच्या तऱ्हेवाईकपणाचें, आणि क्वचित् भयाचेंहि लिहितो. आमच्या समोरील बाडांत एकाच आठवड्यांत वडिलांस व मित्रास लिहिलेलीं दोन पत्रें एकत्र राहिलीं आहेत. तीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचलीं असतां एकाच माणसाचीं आहेत असें वाटत नाहीं.

परंतु वाचकाची पहिली अडचण अशी कीं, पत्रांत स्थळ नसतें. लष्करी नियमानें तें लिहावयाचें नसे. पाकिटावर पाहावें तर गांवाचें नांव नाहीं; ‘फील्ड पोस्ट ऑफिस’ हीं अक्षरें, एक क्रमांक व तारीख एवढेंच. हा क्रमांक म्हणजे गांव नव्हे. तें टपालघर आपल्या पथकाबरोबर हालत असे. आज इजिप्तमध्यें असलेला क्रमांक पुढें इटलींत सांपडावयाचा. म्हणून क्रमांक व तारीख हीं दोन्हीं मिळूनच स्थळ ठरतें. टपालाच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं युद्धानंतर या क्रमांकांच्या याद्या तयार केल्या आहेत. त्या ताडून पाहिल्या म्हणजे पत्र इरिट्रियांतील कीं ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरील, हें बहुधा उमगतें. पाकीट फेंकून आंतील कागद तेवढा जपणारा गृहस्थ पत्राचें स्थळच फेंकून देत असतो. ताम्रपटाचें कडें व मुद्रा मोडींत घालून पत्रा तेवढा ठेवावा, तसाच हा प्रकार.

पाकिटाच्या पाठीमागें पोंचल्याचा शिक्का असतो. मालेगांवास आगगाडी नाहीं. टपाल मनमाडास उतरून सडकेनें यावयाचें. निघाल्याचा व पोंचल्याचा असे दोन शिक्के उमटले असल्यास मधला काळ मोजावा. तो एकदम वाढलेला दिसला तर वाट बदलली, जहाज अडलें, किंवा पत्र तपासणींत राहिलें, यांपैकीं कांहीं तरी झालें असें समजावें.

तपासणीचीं चिन्हें तर निराळा ग्रंथच होय. शिपायाचें पत्र त्याच्याच पलटणींतील अधिकारी वाची व पाकिटावर सही करी. नको तो शब्द शाईनें बुजवी किंवा कात्रीनें कापून काढी. मुलकी टपालांतील पत्र उघडलें गेल्यास कडेस ‘परीक्षकानें उघडलें’ अशा अर्थाची छापील इंग्रजी पट्टी चिकटविली जाई. ती पट्टी कुरूप दिसते म्हणून सोलून काढल्याचें आम्हीं पाहिलें आहे. कापलेली जागा सुद्धां बोलते : तिच्या मागच्या-पुढच्या वाक्यांवरून तेथें गांवाचें नांव होतें, कीं आकडा होता, एवढें तरी सांगतां येतें. या बाडांतील सैनिकानें दुसरीच युक्ति केली आहे. तिघांनीं कॉलेजांत मेघदूत अभ्यासिलें होतें. म्हणून ‘मेघ रामगिरीवरच आहे’ म्हणजे अद्याप हिंदुस्थानांतच, व ‘मेघ निघाला’ म्हणजे परदेशीं रवाना, असा त्यांचा संकेत ठरला. परीक्षकास मराठी येत असलें पाहिजे, पण ही ओळ त्यानें जाऊं दिली. त्यासहि कालिदास आठवला असेल काय?

येथें एका मोठ्या हानीची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१४ च्या अखेरीस, फ्रान्समधील हिंदी सैनिकांचें टपाल तपासण्यासाठीं एक खातें उघडलें गेलें; इव्हलिन हॉवेल हे त्याचे पहिले प्रमुख. त्या खात्यानें निवडक पत्रांचे उतारे इंग्रजींत भाषांतरून अहवालांस जोडले, व ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत सुरक्षित आहेत. डेव्हिड ओमिसी यांनीं १९९९ सालीं त्यांतून एक संग्रहहि छापला. दुसऱ्या महायुद्धांतहि असेच नियतकालिक सारांश तयार होत. म्हणजे भाषांतर आहे, आणि मूळ नाहीं. मूळ पत्रें ज्याचीं त्याच्या घरीं गेलीं व तेथें बहुतेक नष्ट झालीं. आमच्या माणसांनीं आमच्या भाषेंत काय लिहिलें, तें परक्या अधिकाऱ्याच्या इंग्रजींतून उलट मराठींत आणण्याची पाळी अभ्यासकांवर येते. ती टाळण्याचें साधन लंडनांत नाहीं. तें आमच्या माळ्यांवर आहे.

तिसऱ्या मित्राचें एकहि पत्र बाडांत नाहीं. त्यावरून मैत्री तुटली असें अनुमान करणें चुकीचें होईल. १९४२ च्या स्थानबद्धांवर पत्रव्यवहाराचे कडक निर्बंध होते. अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवलेल्या पुढाऱ्यांससुद्धां आरंभीं पत्रें बंद होतीं, व पुढें परवानगी मिळाली ती घरच्या माणसांस घरगुती मजकूर लिहिण्यापुरती. मित्रास लिहावयाचें तर तें भावाच्या पत्रांत शिरूनच. तेव्हां अशा माणसाचा शोध त्याच्या नांवानें न करतां त्याच्या भावाच्या पत्रांत करावा. येथें तो तसाच सांपडला : भावानें मालेगांवीं धाडलेल्या कार्डांत ‘पुस्तकें मिळालीं, मंडळींस नमस्कार’ एवढी एक ओळ तीनदां आली आहे.

तिकिटांविषयीं दोन शब्द. हीं तिकिटें नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यांत छापलेलीं. १९३७ च्या मालेंत डाकेचा हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, विमान अशीं चित्रें होतीं. १९४० नंतर कागदाच्या काटकसरीसाठीं लहान आकाराचीं, राजाच्या मुखवट्याचीं तिकिटें निघालीं. शिक्का पुसट असल्यास काळ ठरविण्यास तीं थोडीशीं उपयोगी पडतात. पण पाकिटाचा कोपरा कापून तिकीट नेणाऱ्या हौशी मंडळींनीं तारखेचा अर्धा शिक्काहि नेलेला असतो. त्यांच्याविषयीं अधिक न लिहिणें बरें.

‘एअरग्राफ’ नांवाचा एक लहान, काळपट छायाचित्रासारखा कागद सांपडल्यास तो नक्कल समजून टाकूं नये. १९४१ सालीं मध्यपूर्व व इंग्लंड यांच्या दरम्यान ही सोय सुरू झाली व पुढें हिंदुस्थानासहि लागू झाली. ठरीव कागदावर लिहिलेलें पत्र बारीक फिल्मवर उतरवीत, फिल्म विमानानें नेत, व पोंचल्यावर कागदावर छापून वांटीत. सोळाशें पत्रांची फिल्म अवघी पांच औंसांच्या सुमारास भरे. छापील प्रति हातीं पडल्यावर मूळ कागद नष्ट करीत. म्हणून येथें नक्कल तीच अस्सल.

सर्वांत कठीण प्रसंग १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडल्यावर ओढवला. तिकडील पत्रव्यवहार तुटला, आणि एका विद्यालयांत शिकलेले लोक परस्परविरुद्ध सैन्यांत गेले. डेहराडूनचें लष्करी विद्यालय १९२२ सालीं निघालें. तेथील विद्यार्थी, सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोंसले, हे आझाद हिंद सेनेचे एक प्रमुख सेनानी झाले. तर त्याच विद्यालयाचे के. एस. थिमय्या हे १९४५ सालीं आराकानांत ब्रिटिश हिंदी सैन्याची पलटण चालवीत होते, आणि थिमय्यांचे सख्खे बंधु आझाद हिंद सेनेंत होते. अशांच्या दरम्यान पत्र जाणार कोठून? सिंगापूरच्या पत्त्यावर धाडलेलीं कितीएक पत्रें ‘टपाल बंद’ अशा अर्थाचा शिक्का बसून प्रेषकाकडे परत आलीं. अशीं पाकिटें क्वचित् मिटलेलींच राहिलेलीं असतात. पाठविणाऱ्यास मजकूर माहीत होता, मग उघडावयाचें कशास? हें पाकीट संग्रहांत आलें तर तें फोडावें कीं नाहीं, असें आम्हांस एका तरुण मित्रानें विचारलें. आमचें मत असें कीं, प्रथम दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेऊन शिक्के टिपून ठेवावे, घरच्या माणसांची लेखी संमति घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत पाकीट जसें आहे तसें मिटलेलें असूं द्यावें.