नद्या घरच्या, इंधन परकं

आपली दिवाळी तोच नेपाळचा तिहार. 2015 सालचा तिहार तिथला माणूस सहजी विसरणार नाही. एप्रिलच्या भूकंपातून देश सावरायचा होता. 20 सप्टेंबरला नवी राज्यघटना जाहीर झाली, तिच्याविरुद्ध तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचं आंदोलन चिघळलं आणि सीमेवरची वाहतूक अडली. ही भारताची अघोषित नाकाबंदी आहे, असं नेपाळचं म्हणणं. भारताने ते नाकारून आंदोलनाकडे बोट दाखवलं. टँकर मात्र यायचे थांबले. पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या, गॅसचं सिलिंडर अर्धंच भरून मिळू लागलं आणि खुद्द काठमांडूत लोकांनी लाकडं पेटवून स्वयंपाक केला.

नेपाळला समुद्र नाही, स्वतःचं खनिज तेल नाही. नेपाळ ऑइल निगम जवळपास सगळं इंधन इंडियन ऑइलकडून घेतं. 2019पासून मोतिहारी ते अमलेखगंज अशी 69 किलोमीटरची पाइपलाइनही आहे. तिने टँकरांच्या फेऱ्या वाचवल्या, पण विकणारा तोच राहिला. शिवाय भारत स्वतःला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. म्हणजे आखातात काही बिनसलं, तर त्याची झळ पोखऱ्यातल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचते.

आणि हा देश हिमालयातल्या नद्यांचा! फर्पिंगचं 500 किलोवॉटचं जलविद्युत केंद्र तिथे 1911मध्येच सुरू झालं होतं. तरीही 2008-09च्या हिवाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास वीज नव्हती. भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच घरातली कामं ठरायची. कारखाने आणि हॉटेलं जनरेटरवर चालत. नदीचं पाणी वाहून जात होतं आणि विजेसाठी डिझेल विकत आणावं लागत होतं.

2016च्या सप्टेंबरमध्ये कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणाचे प्रमुख झाले. ऐन मागणीच्या वेळी काही उद्योगांना मिळणारी अखंड वीज त्यांनी घरांकडे वळवली, गळती आणि चोरीला आळा घातला, ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीवरून भारताची वीज घेतली. त्या वर्षीचा तिहार काठमांडूने भारनियमनाविना साजरा केला. 2018मध्ये उद्योगांचं भारनियमनही संपलं. 2021मध्ये 456 मेगावॉटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प सुरू झाला आणि पावसाळ्यातली जास्तीची वीज नेपाळ भारताला विकू लागला.

पण घरात दिवा लागला म्हणून ट्रकचं डिझेल वाचत नाही, की सिलिंडर संपायचं थांबत नाही. तेलाची आयात कमी व्हायची, तर वीज चुलीपर्यंत आणि चाकापर्यंत पोचली पाहिजे. नाकाबंदीत लोकांनी इंडक्शनच्या शेगड्या घेतल्या, तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. एक शेगडी दीड-दोन किलोवॉट ओढते. दिवे, पंखे आणि टीव्हीच्या हिशोबाने बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या शेगड्या एकदम चालू झाल्या की तो भार पेलेना. धरण बांधून भागत नाही. गल्लीतली तारही जाड करावी लागते.

चाकांच्या बाबतीत नेपाळने मोठी मजल मारली. विजेच्या गाड्यांवरचा कर पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा बराच कमी ठेवला, आणि आज बाहेरून येणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींत निम्म्याहून अधिक विजेवरच्या आहेत. अडचण हिवाळ्याची आहे. बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. नद्या आटल्या की उत्पादन क्षमतेच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि पुन्हा भारताकडून वीज घ्यावी लागते. पावसाचं पाणी साठवून ठेवणारा कुलेखानीसारखा प्रकल्प तिथे अपवादच.

आपल्याकडचा निम्म्याहून अधिक घरगुती गॅसही परदेशातूनच येतो. म्हणून नेपाळची ही धडपड आपणही नीट अभ्यासावी. इंधनाचं स्वावलंबन किती मेगावॉट तयार झाले यावरून मोजू नये. पुढचं संकट येईल तेव्हा किती घरांत सिलिंडरशिवाय जेवण शिजेल आणि किती गाड्या डिझेलशिवाय धावतील, हा त्याचा खरा हिशोब. ट्रान्सफॉर्मर, तारा आणि पाण्याचे साठे यांवरचा खर्च हीच त्याची पूर्वतयारी, आणि ती टँकर सुरळीत येत असतानाच करायची असते.