पुरतंय का?

इंदूरच्या पोलोग्राउंडात दिवसभर लोखंड बोलत असतं. लेथ, ग्राइंडर, गोदामासमोर मागे येणाऱ्या ट्रकची टींटीं. घोडे आणि पोलो केव्हाच गेले, नाव तेवढं राहिलं. आता इथे लहान-मोठे कारखाने आहेत आणि वीज वितरण कंपनीचं मुख्यालय. या सगळ्या गोंगाटात माझ्या भाचीचं बाळ गाढ झोपतं. संध्याकाळी शटर खाली ओढली जाऊ लागली, की त्याला जाग येते आणि मग ते आईच्या अंगावरून सुटायला तयार नसतं. पाजलं, ढेकर काढली, दुपट्यावर ठेवलं, की पाच मिनिटांत मुठी पुन्हा तोंडात. रात्री दहापर्यंत हेच.

मालिशवाल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, "दूध पूरा नहीं पड़ रहा, दीदी. बच्चा भूखा है." सासूबाईंनी मान डोलावली. जावई काही न बोलता बाहेर गेला आणि पावडरीचा डबा घेऊन आला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, खरंच पुरत नसेल का गं?"

आता बाळाचं पोट ते केवढं! पहिल्या दिवशी त्यात पाच-सात मिलिलिटर मावतं, म्हणजे चहाचा एक चमचा चीक. आठवड्याच्या बाळाचं पोट 45 ते 60 मिलिलिटरचं. त्यात आईचं दूध पचायला हलकं, तास-दीड तासात पोट रिकामं. म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे अगदी रीतसर आहे. लोक चोवीसला बाराने भागून दर दोन तासांचं वेळापत्रक करतात. बाळ असं गणित करत नाही. ते दुपारी तीन तास झोपेल आणि संध्याकाळी तासाभरात तीनदा पिईल.

पिणं आणि नुसतं चोखणं यांतला फरक कळायला जवळ बसून हनुवटी बघावी लागते. सुरुवातीला भराभर, उथळ चोखणं. मिनिटभरात पान्हा सुटतो आणि चाल बदलते: तोंड मोठं उघडतं, हनुवटी खाली जाते, क्षणभर तिथेच थांबते, मग मिटते. ते थांबणं म्हणजे घोट. कान लावला तर बारीक 'क्ह' ऐकू येतो. भाचीला आधी हे दिसेना, कारण बाळ नुसतं स्तनाग्र धरून लोंबत होतं आणि तिला चिरा पडल्या होत्या. घरी येणाऱ्या आशा कार्यकर्तीने, म्हणजे आमच्या आशाताईंनी, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं, नाक स्तनाग्रासमोर आणलं आणि त्याने जांभईएवढा आ वासेपर्यंत थांबायला लावलं. मग झटकन जवळ. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली, काळसर वलयाचा खालचा भाग तोंडात. दुखणं त्याच दिवशी निम्म्यावर आलं. घोट विरळ झाले, की भाची स्तन हलकेच दाबून धरते. दोन-चार घोट आणखी जातात. मग दुसरी बाजू. पोट भरत आलं, की आवळलेली मूठ सुटते, हात सैल पडतो. रडण्यापेक्षा मला त्या मुठीवर जास्त भरवसा वाटतो. रडणं ही भुकेची फार उशिराची खूण. त्याआधी मान वळवणं, ओठ चाटणं, हात चोखणं हे सगळं होऊन गेलेलं असतं.

मग संध्याकाळचा हा हट्ट कशासाठी? दूधवाल्याला आपण उद्यासाठी अर्धा लिटर जास्त सांगून ठेवतो ना, तसंच हे आहे. छाती भरलेली राहिली, की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. रिकामी झाली, की वाढतो. संध्याकाळी धार बारीक असते, पण त्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. रात्री दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिनचं प्रमाण चढतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवून चालत नाही. नेमक्या याच वेळी बाटली दिली, तर बाळ झोपतं, घर खूश होतं आणि मागणी नोंदलीच जात नाही. चार दिवसांनी दूध खरंच कमी झालेलं असतं आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. अळीवाची खीर आणि डिंकाचे लाडू मी स्वतःच केले. त्यांनी दूध किती वाढतं याबद्दल पैज लावणार नाही, पण बाळंतिणीला मध्यरात्री भूक लागते, तेव्हा लाडू हाताशी हवा. घुटीला आणि मधाला मात्र मी अडून बसले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा. "एवढ्या उन्हाळ्यात दोन चमचे पाणी तरी?" सासूबाई काकुळतीला आल्या. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. सहा महिने वेगळं लागत नाही.

पण मालिशवाल्या बाई कधीकधी बरोबरही असतात. काही बाळं खरोखर उपाशी असतात. त्यातली काही तर रडतही नाहीत, नुसती झोपून राहतात, आणि घरचे म्हणतात, किती गुणी आहे. म्हणून आवाजावर जायचं नाही, लंगोट मोजायचे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले हवेत, शी काळी न राहता पिवळी व्हायला हवी. पहिल्या दिवसांत वजन सात टक्क्यांपर्यंत उतरलं तर घाबरायचं कारण नाही. दहा टक्के उतरलं किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. तेव्हा वरचं दूध लागलं तर ते द्यायचं, त्यात अपराध कसला?

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि 2011 मध्ये ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. चौदाव्या दिवशी आशाताईंनी झोळीत बाळ घातलं, काटा डोळ्यांसमोर धरला. जन्माचं वजन 2.8 किलो, मधे 2.6 झालेलं, आज 2.9. लंगोट? भाचीने भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या रेघा दाखवल्या. "अपना दूध ही चलने दो," म्हणत त्यांनी कार्डावर आकडा लिहिला.

मालिशवाल्या बाईंना हे पटलं नाही. वजन तर तेलाने वाढलं, असं त्या अजून म्हणतात. संध्याकाळचं रडणंही थांबलेलं नाही. सहा आठवड्यांच्या सुमाराला ते आणखी चढतं, हे मी भाचीला सांगून ठेवलंय. जावई कारखान्यातून आला की बाळाला खांद्यावर टाकून ओसरीत येरझाऱ्या घालतो, तेवढ्यात ती जेवून घेते.

डबा फडताळात तसाच आहे. त्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र नाही. 1992 च्या कायद्याने ते छापायला बंदी आहे आणि आईचं दूध सर्वोत्तम असतं, हे त्याच डब्यावर लिहावं लागतं. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं, मग किंमत वाचली. दुकानदार परत घेणार नाही म्हणतो. याचे गुलाबजाम होतील का, असं त्यांनी मला काल विचारलं.