यष्टींमागचा मास्तर

तिवस्यात टेनिस बॉलची मॅच ठरली की बॅटिंगला दहा जण पुढे, विकेटकीपिंगला मात्र कोणीच नाही. दिवसभर उठाबशा काढा अन् एक कॅच सुटला की शिव्या खा! पण विदर्भाला पहिला रणजी करंडक जिंकून देणारा कोच याच जागेवरून आलाय, राजेहो.

चंद्रकांत पंडित मूळ मुंबईचे. 1986 ते 1992 या काळात भारताकडून 5 कसोटी आणि 36 वनडे. किरण मोरे असल्यानं ग्लोव्हज कायमचे त्यांच्याकडे आलेच नाहीत. 1987च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला खेळले, तेही वेंगसरकर आजारी पडले म्हणून, नुसते बॅट्समन म्हणून. पुढे मध्य प्रदेशचे कॅप्टन झाले. 1999ची रणजी फायनल, बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, पहिल्या डावात आघाडी, आणि तरीही कर्नाटककडून हार.

कोच म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा रणजी जिंकून दिली. पण मुंबईला जिंकायची सवयच होती. 2017 मध्ये ते विदर्भाकडे आले, तेव्हा आपल्या संघानं साठ वर्षांत एकदाही फायनल पाहिली नव्हती. सर शिस्तीला कडक, स्टार असो की नवखा, सगळ्यांना नियम एकच. त्याच सीझनला इंदूरच्या फायनलमध्ये रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली, विकेटकीपर अक्षय वाडकरनं 133 ठोकले आणि दिल्ली 9 विकेटनी हरली. तारीख 1 जानेवारी 2018. एखाद्याला तुक्का वाटला असेल, तर पुढच्या वर्षी जामठ्यात सौराष्ट्रही 78 धावांनी हरलं. आदित्य सरवटेनं पुजाराला दोन्ही डावांत उडवलं, 1 आणि 0 वर!

नंतर सर पुन्हा मध्य प्रदेशकडे गेले. 2022ची फायनल, तेच चिन्नास्वामी, समोर त्यांचीच मुंबई. मध्य प्रदेश पहिल्यांदा चॅम्पियन झाला आणि हा कडक माणूस मैदानावर रडला. 23 वर्षांचं होतं ते. 2024 मध्ये कोलकाता नाइट रायडर्सनं आयपीएल जिंकली, तेव्हाही हेड कोच तेच. मला मात्र ती ट्रॉफी या गोष्टीत जरा लहानच वाटते.

विदर्भानं 2025 मध्ये नागपुरात तिसरा रणजी करंडक घेतला, तेव्हा पंडित सर नव्हते. कॅप्टन होता अक्षय वाडकर. अजूनही तो यष्टींमागेच उभा असतो.