झाकली मूठ किती दिवस?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून ६०० किलोंहून अधिक मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडले. कुरकुंभ बारामतीच्या शेजारी, इंदापूरकडे येणाऱ्या सोलापूर महामार्गावर. तोवर आपण समजत होतो, ही बला मोठ्या शहरांतली.

इंदापूरची एक आई माझ्याकडे आली होती. मुलगा रात्र-रात्र जागायचा, जेवण टाकायचा, घरच्यांवरच संशय घ्यायचा. आधी मोबाईल विकला, मग गल्ल्यातले पैसे, शेवटी बहिणीच्या लग्नाचे सोने. “सर, त्याच्या अब्बांना कळू दिलं नाही. मुलीचं स्थळ मोडेल ना!” झाकण्यात वर्ष गेले. सोनेही गेले, व्यसनही वाढले.

नशा हराम आहे, हे त्या मुलालाही ठाऊक होते. पण जडलेले व्यसन हा आजारही आहे. शपथ घालून किंवा निकाह लावून तो बरा होत नाही. उपचार लागतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. पोलिसांची भीती असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४-अ लक्षात ठेवा. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या व्यसनीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केले, तर खटल्यापासून संरक्षण मिळते.

माता-भगिनींनो, संशय आला की त्याच आठवड्यात घरात बोला. दुआ जरूर करा. आणि मुलाला घेऊन डॉक्टरांकडेही जा.