बुलेट का डुलते?

पोरे टायर काठीने पळवतात, ते आपण पाहतोच. टायर जोरात पळतो तोवर उभा राहतो. वेग मंदावला की लटपटतो. मोटारसायकलचेही बरेचसे तसेच. मग बुलेटसारखी जड गाडी हमरस्त्यावर वेगात का बरे डुलते?

आधी ओझे बघू. दुधाचे कॅन अगदी मागे बांधले की पुढचे चाक हलके होते. हँडल थरथरू लागते. ओझे पुढे, खाली बांधावे. चाकातली हवा गाडी थंड असताना तपासावी. अंगठ्याने दाबून ती कळत नाही, हे आम्ही कितीदा सांगितले!

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या. एकाने मागून दाबून पुढचे चाक उचलावे. दुसऱ्याने पुढचे दांडे खालून धरून मागेपुढे हलवावेत. खटखट लागली तर हँडलचा कोनसेट ढिला असेल. मिस्त्रीकडून आवळून घ्या. पण फार आवळला तरी गाडी सरळ चालत नाही.

आणि वाटेत डुललीच तर? आपला हात झटकन ब्रेककडे जातो. तिथेच चुकते. हँडलशी झोंबू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी, नजर लांब ठेवावी, रेस हळूहळू सोडावी. वेग उतरला की गाडी सावरते.